पडण्याची मोजणी



'मुलं गेममुळे बिघडतात' असं मीही पालकसभेत अनेकदा सांगितलंय. पण मे महिन्याच्या सुट्टीत लेकीने माझ्या हातात 'सेलेस्ट' दिला. २०१८ साली आलेला हा गेम. मॅडलिन नावाची मुलगी डोंगर चढते. उडी, भिंतीला पकड आणि हवेतली झेप, एवढंच तिच्याकडे असतं.

मी पडले. शेकडो वेळा! पण पडलं की क्षणात त्याच टप्प्याच्या सुरुवातीला उभं. ना ओरडा, ना शिक्षा. किती वेळा मेलात ते गेम मोजतो, आणि त्या आकड्याचा अभिमान बाळगा, असंही सुचवतो. पहिल्या खेपेला चिडचिड करत शिखर गाठलं. दुसऱ्यांदा बोटांना वाट पाठ झाली होती. तिसऱ्यांदा मात्र तो डोंगर आवडायलाच लागला.

जूनमध्ये वर्गातल्या एका मुलाने भागाकाराचं पान कोरंच ठेवलं. "चुकलं की तुम्ही लाल गोल करता ना, बाई." मी गप्पच झाले.

आता त्याच्या वहीत मी गोल करत नाही. कितवा प्रयत्न, तेवढंच लिहिते. काल सातवा होता. भागाकार चुकलाच, पण पान कोरं नव्हतं.

तुम्ही मुलांचं काय मोजता?