दोन टक्क्यांतले सर

दरवर्षी सप्टेंबर-ऑक्टोबर आला की आमच्याकडे एक प्रेस नोट हमखास येते. ‘जगातील अव्वल २ टक्के शास्त्रज्ञांच्या यादीत आपल्या महाविद्यालयाचे प्राध्यापक’. सोबत पुष्पगुच्छ देतानाचा फोटो. मीही अशा कितीतरी बातम्या जशाच्या तशा लावल्यात.

मागच्या वर्षी अशीच एक लावली आणि सकाळी सकाळी एका वाचकाचा फोन आला. ‘‘साहेब, सरांनी शोध काय लावला ते बातमीत कुठंच नाही. आणि २ टक्के म्हणजे नंबर कितवा?’’

मला एकाचंही उत्तर देता आलं नाही. खरं सांगतो, लाज वाटली.

मग यादी उघडली. साधी एक्सेल फाइल आहे, कुणालाही फुकट मिळते. स्टॅनफर्ड विद्यापीठाचे जॉन इओआनिडिस आणि त्यांचे सहकारी स्कोपसच्या माहितीवरून ती तयार करतात. नावं २ लाखांच्या वर. याद्या दोन असतात: एक अख्ख्या कारकिर्दीची, दुसरी फक्त एका वर्षाच्या सायटेशनची, म्हणजे त्या वर्षी इतरांनी दिलेल्या संदर्भांची. बातमीत यातली कुठली, ते आपण कधीच लिहीत नाही. जगात पहिल्या १ लाखात किंवा आपल्या उपविषयातल्या पहिल्या २ टक्क्यांत असलेल्यांना जागा मिळते. स्वतःच स्वतःचे संदर्भ किती दिले, याचाही रकाना आहे. तो तर आपण बघतच नाही.

अजून एक गोष्ट कळली. आल्फ्रेड लोटका यांनी १९२६ मध्येच मांडलं होतं की १ शोधनिबंध लिहिणारे १०० असतील तर २ लिहिणारे साधारण २५, ३ लिहिणारे ११ आणि १० लिहिणारा जेमतेम १. म्हणजे हे दहावीच्या निकालासारखं नाही, की बहुतेक जण मधे आणि थोडे वर-खाली. इथं गर्दी सगळी खालीच, वर मोजकेच. त्यामुळं यादीत नाव नसणं म्हणजे नापास होणं नव्हे.

पीटर हिग्ज यांचंच बघा. १९६४ च्या कामासाठी २०१३ मध्ये नोबेल मिळालं. मधल्या काळात त्यांचे १० सुद्धा शोधनिबंध नव्हते. आजच्या काळात आपल्याला विद्यापीठात नोकरीच मिळाली नसती, असं ते स्वतःच म्हणाले होते.

शेवटी सरांकडं गेलो. विचारलं, ‘‘सर, तुम्ही नेमकं काय करता?’’ ते क्षणभर बघतच राहिले. मग तासभर बोलले. कापडाच्या रंगाचं सांडपाणी स्वच्छ करण्यावर त्यांचं काम आहे. बाटल्या काढून दाखवल्या, एकीत जांभळं पाणी, दुसरीत जवळजवळ नितळ. निघताना म्हणाले, ‘‘सत्कार आठ झाले. पण हे विचारणारे तुम्ही पहिलेच.’’

त्यांचं यादीतलं स्थान खरंच होतं, कौतुकही योग्यच होतं. चूक माझी होती. नंबर छापला, काम छापलं नाही.

यंदा प्रेस नोट आली की मी तीन प्रश्न विचारणार आहे. यादी कारकिर्दीची की एका वर्षाची? स्वतःचे संदर्भ वगळून क्रमांक कितवा? आणि सर, काम काय?

तुम्हीही अभिनंदनाचा मेसेज टाकाल, तेव्हा तिसरा प्रश्न तेवढा विचारा.