जादू शिकायचे पहिले पुस्तक कोणते घ्यावे?



यंदा वस्तीतल्या वाचनालयाच्या पुस्तकांची यादी करायला बसलो, तेव्हा पोरांनी एक वेगळीच मागणी पुढे केली. जादू शिकायचे पुस्तक पाहिजे. ज्येष्ठांच्या कपाळाला आठ्या पडल्या. स्पर्धा परीक्षांची पुस्तके पुरत नाहीत आणि हे चोचले कशाला, असा त्यांचा सवाल. आमचे मत उलट आहे. ज्या समाजाला हजारो वर्षे चमत्काराच्या नावाने लुटले गेले, त्या समाजातल्या पोरांना हातचलाखी यायलाच पाहिजे. प्रश्न एवढाच की पुस्तक कोणते घ्यायचे. आणि हा प्रश्न वाटतो तितका सोपा नाही.

फूटपाथवर जाऊन 'जादूचे पुस्तक द्या' म्हटले की दोन प्रकारचा माल समोर येतो. पहिला म्हणजे 'इंद्रजाल' नावाचा जाडजूड ग्रंथ. आत वशीकरण, गुप्तधन, शत्रुनाश, अमावस्येला काय पुरावे आणि कुठे पुरावे. हे जादूचे पुस्तक नव्हे, हे भगताचे पाठ्यपुस्तक आहे. अनुक्रमणिकेत 'मंत्र' हा शब्द दिसला की पुस्तक जागेवर ठेवावे. दुसरा प्रकार 'शंभर जादू' छापाचा. पातळ, स्वस्त, प्रत्येक प्रयोग चार ओळींत. रहस्य सांगितलेले असते, पण हात कसा चालवायचा, नजर कुठे ठेवायची, बोलायचे काय, याचा पत्ता नाही. वर रसायने आणि आगीचे प्रयोगही त्यात बिनदिक्कत टाकलेले असतात. बारा वर्षांच्या पोराच्या हातात ते देणे म्हणजे नसती आफत.

रहस्य कळले म्हणजे जादू आली, हा गैरसमज आपल्या चळवळीतही आहे. एका गावात चमत्कार सादरीकरणाचा कार्यक्रम आम्ही पाहिला. कार्यकर्ता तळमळीचा होता. रिकाम्या हातातून त्याने अंगारा काढला आणि लगेच सांगून टाकले की कांजीत मळून वाळवलेली राखेची गोळी अंगठ्यामागे दडवली होती. लोक हसले, टाळ्या पडल्या. मागे बसलेली एक आजी उठली आणि म्हणाली, "बाळा, तुझ्या बोटातली गोळी मला आधीच दिसली होती. बाबांच्या हातात मला कधीच दिसली नाही." तो गप्प झाला.

आजीचे बोलणे हसण्यावारी नेण्यासारखे नाही. ती डोळ्यांनी पाहिलेल्या पुराव्यावर बोलत होती. तिला अडाणी म्हणणारे आपले काही सुशिक्षित मित्र स्वतः त्याच बाबासमोर बसले तर त्यांनाही गोळी दिसणार नाही. बाबाने तीस वर्षे तोच एक प्रयोग रोज केलेला असतो. कार्यकर्त्याने आदल्या रात्री वाचलेला असतो. हात बाबाइतका सफाईदार झाला, समोरचा माणूस आधी थक्क झाला आणि मग आपण 'ही हातचलाखी आहे' म्हणालो, तरच त्या वाक्याला वजन येते.

तथागतांनी हा पेच फार पूर्वी ओळखला होता. दीघनिकायातल्या केवट्ट सुत्तात केवट्ट नावाचा गृहस्थ विनंती करतो की एखाद्या भिक्खूला चमत्कार दाखवायला सांगा, म्हणजे लोकांची श्रद्धा वाढेल. बुद्ध नकार देतात. कारण ज्याचा विश्वास नाही तो म्हणेल, ही तर गांधारी विद्या आहे. म्हणजे चमत्काराने काहीच सिद्ध होत नाही. खरे प्रातिहार्य ते शिकवणुकीचे मानतात. विनयपिटकात पिंडोल भारद्वाजाची गोष्ट आहे. उंच बांबूवर टांगलेले चंदनाचे पात्र त्याने ऋद्धिबलाने खाली आणले, तर शाबासकीऐवजी त्याला फटकारले गेले. बाबासाहेबांनीही 'बुद्ध आणि त्याचा धम्म' मध्ये अलौकिकावरचा विश्वास हा अधम्म असल्याचे स्पष्ट मांडले आहे. तेव्हा जादूचे पुस्तक निवडताना आमची पहिली कसोटी ही: ते नुसते दाखवते की शिकवते?

ती कशी तपासायची ते सांगतो. दुकानात उभ्या उभ्या नाणे गायब करण्याचे पान काढा. डाव्या हाताच्या बोटांत धरलेले नाणे उजव्या हाताने घेतल्याचा बहाणा करायचा आणि ते डाव्या तळव्यात पडू द्यायचे, हा जवळपास प्रत्येक पुस्तकात असतो. 'नाणे घेतल्यासारखे करा' एवढेच लिहिले असेल तर पुस्तक परत ठेवा. चांगले पुस्तक सांगते की आधी नाणे खरेच घेऊन बघा, त्या वेळी बोटे कशी मिटतात ते पाहा, मग खोटे घेताना हुबेहूब तशीच मिटा. नजर उजव्या मुठीच्या मागे जाऊ द्या, कारण तुम्ही बघाल तिकडेच समोरचा बघतो. डावा हात घाईने खाली पाडू नका. चित्रेही बघा. प्रयोग करणाऱ्याच्या बाजूने काढलेली आहेत की प्रेक्षकाच्या, हे स्पष्ट नसेल तर शिकणारा डाव्या-उजव्यात अडकून पडतो. मराठीत ज्याला 'नजरबंदी' म्हणतात ती ही. कोणी कोणाची नजर मंत्राने बांधत नाही.

या कसोटीवर आम्ही मार्क विल्सन यांचे 'कम्प्लीट कोर्स इन मॅजिक' (१९७५) निवडले. इंग्रजी आहे, पण पायरीपायरीने इतकी रेखाचित्रे आहेत की दहावीतली मुलगी शब्दकोश शेजारी ठेवून वाचू शकते. पत्ते, नाणी, दोरी, रुमाल सगळ्याची ओळख होते. ह्यूगार्ड आणि ब्राव यांचे 'रॉयल रोड टू कार्ड मॅजिक' त्याहून शिस्तीचे. आधी एक हातचलाखी, मग तिच्यावरचे प्रयोग, मग पुढची. पण ते फक्त पत्त्यांचे आहे, आणि वस्तीत पोराच्या हातात पत्ते दिसले की आई आधी पाठीत धपाटा घालते. बोबो यांचे 'मॉडर्न कॉइन मॅजिक' (१९५२) नाण्यांपुरते उत्तम, पण पहिले पुस्तक म्हणून जड. त्यातले नाणे अमेरिकन अर्ध्या डॉलरचे, चांगले मोठे. आपल्याकडे दहा रुपयांचे नाणे त्यातल्या त्यात चालते. कोवूर यांचे 'बिगॉन गॉडमेन' आणि बी. प्रेमानंद यांचे 'सायन्स व्हर्सेस मिरॅकल्स' कार्यकर्त्याने वाचलीच पाहिजेत, मात्र हात बसल्यावर.

एक जुने पुस्तक कोणी घेणार नाही, पण माहीत असावे. १५८४ मध्ये इंग्लंडमध्ये रेजिनाल्ड स्कॉट यांनी 'डिस्कव्हरी ऑफ विचक्राफ्ट' लिहिले. चेटकीण ठरवून गरीब म्हाताऱ्यांना फासावर चढवत होते, त्याविरुद्ध. अद्भुत वाटणाऱ्या गोष्टी माणसाच्या हाताने होतात हे दाखवायला त्यांनी नाणी, गोळे आणि पत्ते यांच्या हातचलाख्या सविस्तर उलगडल्या. पण ही रहस्ये फोडल्याने या कलेवर पोट भरणाऱ्या गरिबांचे नुकसान होते, याचे वाईट वाटते, असेही त्यांनी त्याच पुस्तकात लिहून ठेवले.

आपल्या पोरांना हे मुद्दाम सांगावे लागते. चौकात वाटी-गोळ्याचा खेळ करणारा मदारी आणि दरबार भरवणारा बाबा, दोघांचे हात एकच काम करतात. मदारी 'हाथ की सफाई' म्हणून पोटासाठी पैसे मागतो. बाबा देवाच्या नावाने मागतो. २०१३ मध्ये डॉ. दाभोलकरांच्या खुनानंतर आलेला जादूटोणाविरोधी कायदाही तथाकथित चमत्कार दाखवून लोकांना फसवणे आणि लुबाडणे यावर बोट ठेवतो, खेळावर नाही. पण व्यवहार कसा आहे? बाबाच्या मंडपाला पोलीस बंदोबस्त मिळतो. आणि १९५९ च्या मुंबई भिक्षा प्रतिबंधक कायद्याने रस्त्यावर खेळ करून पैसे घेणे भिकेत मोजले होते, त्यामुळे भटक्या समाजातल्या या कलावंताला कोणीही हुसकावू शकत असे. ज्याच्या बापजाद्यांनी ही विद्या पुस्तकाशिवाय जपली, त्याच्यापुढे उभे राहून आपल्या पोराने 'गोळा बगलेत आहे' असे ओरडणे म्हणजे परिवर्तन नव्हे.

म्हणून वाचनालयात दोन नियम केले. मदाऱ्याचा खेळ फोडायचा नाही, जमले तर त्याला विहारात बोलवायचे, मानधन द्यायचे आणि त्याच्याकडून शिकायचे. आणि एक प्रयोग घरच्या पाच माणसांसमोर बिनचूक झाल्याशिवाय पुढचे पान उलटायचे नाही. सध्या पुस्तक नववीतल्या एका मुलीकडे आहे. दोन महिने झाले, ती अजून त्याच नाण्यावर अडली आहे. आजोबांना बरोबर कळते, म्हणते.