फॉरमॅट मारलं की संपलं?

गेल्या शनिवारी माळा आवरताना जुना पीसी सापडला. ८० जीबीची हार्ड डिस्क! म्हटलं फॉरमॅट मारू आणि भंगारवाल्याला देऊन टाकू. बाबा म्हणाले, "सगळं नक्की जातं ना रे?"

आता इंजिनीअर मुलाला असं विचारायचं म्हणजे... फॉरमॅट करून त्यांना दाखवायलाच फोटोरेक चालवलं. रात्रीपर्यंत बाबांचं पॅन कार्ड, माझा फॉर्म १६ आणि आजीचा हॉस्पिटलमधला फोटो, सगळे हजर!

क्विक फॉरमॅट पुस्तकाची फक्त अनुक्रमणिका फाडतं, पानं तशीच राहतात. एमआयटीच्या गार्फिंकल आणि शेलाट यांनी विकत घेतलेल्या १५८ जुन्या डिस्कचा अभ्यास २००३ साली छापून आला. त्यातल्या १२९ चालू निघाल्या, पण नीट पुसलेल्या फक्त १२!

रविवारी अख्ख्या डिस्कवर शून्यं लिहिली. (एसएसडीला एवढं पुरत नाही, तिथे सिक्युअर इरेज वापरा.) पण त्याआधी आजीचा फोटो तेवढा पेनड्राइव्हवर घेतला. बाबांनी तो बराच वेळ पाहिला. मग म्हणाले, "आता पूस."