दोन गुणांमधले पंचवीस सेकंद

३० सप्टेंबर २०२३. हांगझोऊच्या आशियाई क्रीडा स्पर्धेत टेनिसच्या मिश्र दुहेरीची अंतिम लढत. महाराष्ट्राची ऋतुजा भोसले आणि तिचा जोडीदार रोहन बोपण्णा यांनी चिनी तैपेईच्या जोडीविरुद्ध पहिला सेट २-६ असा गमावला. दुसरा सेट त्यांनी ६-३ ने घेतला, मग निर्णायक टायब्रेक १०-४ असा मारला आणि सुवर्णपदक भारताचं झालं.

दोन सेटच्या मधल्या वेळात कुणाचा फोरहँड नव्याने घडत नाही. बदलता येतात ते डावपेच आणि डोकं.

टेनिसमध्ये चेंडू खेळात असतो त्यापेक्षा थांबलेला जास्त असतो. ग्रँड स्लॅममध्ये पुढच्या सर्व्हिससाठी २५ सेकंद मिळतात, बाजू बदलताना ९०. मन भरकटतं ते याच फटीत. मघाचा डबल फॉल्ट आठवतो, अजून न झालेली हार दिसू लागते. कोल्हापूरच्या खासबाग कुस्ती मैदानात पैलवानाला कडेवरून वस्तादाचा आवाज तरी येतो. एकेरी खेळणाऱ्या पोराला बहुतेक वेळा स्वतःचं स्वतःच सावरावं लागतं.

हार आधीच दिसू लागण्याची ही भीती जुनीच आहे. कोल्हापूर जिल्ह्यातल्या पेठ वडगावात मराठ्यांचे सरसेनापती धनाजी जाधव यांची समाधी आहे. मोगलांचं घोडं पाणी पिईना की स्वार त्याला विचारायचे, पाण्यात संताजी-धनाजी दिसतात का? ही आख्यायिका इथे लहान पोरांनाही ठाऊक असते. वडगावहून कोल्हापूरला सामन्यासाठी निघालेल्या पोराला पहिल्याच फेरीत मानांकित खेळाडू आला, की त्याची गत त्या घोड्यासारखी होते. गाडी हायवेला लागायच्या आत तो मनातल्या मनात सामना हरलेला असतो. वास्तविक याच जिल्ह्यातली ऐश्वर्या जाधव २०२२ मध्ये विम्बल्डनच्या चौदा वर्षांखालील स्पर्धेत खेळून आली आहे.

ही भीती आधी शरीरात दिसते. ३०-४०, दुसरी सर्व्हिस. ग्रिपवरची मूठ आवळते, खांदे कानांकडे चढतात, टॉस नेहमीपेक्षा खाली राहतो, मनगट आखडतं आणि चेंडू जाळीत जातो. म्हणून इलाजही शरीरापासूनच सुरू करायचा. अमेरिकी क्रीडा मानसशास्त्रज्ञ जिम लेर यांनी दोन गुणांमधल्या वेळेचे चार टप्पे मांडले. गुण गेला तरी मान ताठ ठेवून वळायचं. मग श्वास सोडत हात सैल करायचे. पुढचा चेंडू कुठे टाकायचा ते ठरवायचं. शेवटी, चेंडू रोज ठरलेल्या तेवढ्याच वेळा आपटून सर्व्हिसला उभं राहायचं.

रॉजर फेडररने २०२४ मध्ये डार्टमथ कॉलेजच्या पदवीदान समारंभात आपला हिशेब सांगितला. १५२६ एकेरी सामन्यांपैकी जवळपास ८० टक्के त्याने जिंकले, गुण मात्र ५४ टक्केच. एवढ्या मोठ्या खेळाडूचेही जवळजवळ निम्मे गुण गेले. गेलेला गुण मागे टाकणं हेही मग बॅकहँडइतकंच घोटून घ्यायला हवं.

त्यासाठी वेगळं काही विकत आणावं लागत नाही. सरावाचा गेम ०-३० पासून सुरू करावा. कधी पहिली सर्व्हिस काढून घेऊन एकाच सर्व्हिसवर सेट खेळवावा. चूक झाली की चारही टप्पे पुरे केल्याशिवाय पुढचा चेंडू हातात देऊ नये. प्रशिक्षकाने त्या वेळी पोराच्या चालीकडे बघावं. मान कधी खाली गेली, तारांशी चाळा कधी सुरू झाला, नजर बाहेर बसलेल्या आईबाबांकडे कधी वळली, हे स्कोअरशेजारी वहीत टिपावं आणि पुढच्या आठवड्याचा सराव त्या नोंदींवर बेतावा.