वेलीवर राखलेली शेंग

वसंत ऋतू म्हणजे पालवीचा आणि मोहोराचा काळ अशी सर्वसाधारण समजूत असली, तरी अहिल्यानगर जिल्ह्यातील अकोले तालुक्याच्या परसबागेत, म्हणजे घरालगत शेणखतावर वाढवलेल्या भाजीच्या वाफ्यांत, फाल्गुन-चैत्राची चाहूल हिरवाईपेक्षा वाळणाऱ्या शेंगेवरूनच अधिक लागते. दिवस लहान होऊ लागल्यावर फुलणारा गावरान वाल थंडीत शेंगांनी लगडतो. त्यांतील निरोगी, टपोरी शेंग मात्र न खुडता बियाण्यासाठी वेलीवर राखली जाते. ऊन वाढत जाते तशी ती पिवळी पडते, कडक होते आणि हलवली असता आतून खुळखुळते. बागेतील सर्वांत सुंदर आवाज बहुधा हाच असावा.

कोंभाळणे येथील राहीबाई सोमा पोपेरे यांनी अशाच वेलींतून गावरान वाणांची, म्हणजे पिढ्यान्‌पिढ्या त्याच मातीत निवडल्या गेलेल्या बियाण्यांची, बँक उभी केली. तिला ‘बाएफ’ संस्थेची साथ लाभली आणि २०२० मध्ये राहीबाईंना पद्मश्री जाहीर झाली. राखेत घोळून मडक्यात जपलेले बी शेजारणीच्या ओंजळीत पडते, तेव्हा पेरणीची वेळ, मांडवाची उंची आणि भाजीची चवही सोबत सांगितली जाते. देणाऱ्या मनात त्या क्षणी समाधान अधिक असते, की आपली वेल दुसऱ्याच्या कुंपणावर चढणार याची हुरहुर, हे ठरवणे कठीण आहे. वाचकांनी यंदा एक तरी शेंग वेलीवर राखावी.