काणाडोळा

१९७४ च्या गणेशोत्सवात लालबागच्या आमच्या चाळीतल्या मुलांनी एक नाटुकले बसवले होते. चाळीत मुसलमानांची तीनच बिऱ्हाडे, पण कामे वाटताना तो विचार कुणाच्या मनात आला नाही. आमचा आवाज मोठा, म्हणून समुद्री चाच्याची भूमिका आमच्याकडे आली. चाचा म्हटला की तो काणा हवा, हे ठरवायला चर्चासुद्धा लागली नाही. अम्मीच्या जुन्या बुरख्याच्या कापडाचा तुकडा घेतला, त्याला नाडी लावली आणि पट्टी तयार झाली. पहिल्या अंकात ती डाव्या डोळ्यावर होती. मध्यंतरात घाम पुसायला काढली आणि घाईघाईत उजव्या डोळ्यावर बांधून आम्ही रंगमंचावर गेलो. चाळ पोट धरून हसली. आम्हांला वाटले, भूमिका रंगली.

पहिल्या बाकावर आमचे चाचा बसले होते. वडिलांचे धाकटे भाऊ, गिरणी कामगार. त्यांचा डावा डोळा नव्हता. ते आमच्या जन्माच्या आधीच घडलेले असल्यामुळे आम्हांला त्यात काही विशेष वाटत नसे. घरातल्या भिंतीला पोपडा असावा, तसा चाचांचा डोळा.

रात्री घरी आल्यावर पट्टीची गाठ सुटेना. चाचांनीच ती सोडवून दिली आणि म्हणाले, "बेटा, तुझी पट्टी इकडून तिकडे गेली. आमचा डोळा काही जागा बदलत नाही." आवाजात राग नव्हता. पट्टीची घडी करून त्यांनी ती फळीवर ठेवली आणि पाळीला जायचे म्हणून लवकर झोपले. आम्ही मात्र बराच वेळ जागे होतो.

दहा वर्षांच्या मुलाला कुणी शिकवले की वाईट माणूस काणा असतो? पुढे आम्ही याचा पुष्कळ विचार केला. शेजारच्या काकूंनी वामनाची गोष्ट सांगितली होती. बळीराजा दानाचे पाणी सोडणार, तेव्हा शुक्राचार्य झारीच्या तोटीत जाऊन बसले. वामनाने दर्भाची काडी खुपसली आणि त्यांचा एक डोळा गेला. आपल्या शिष्याचे राज्य वाचावे म्हणून धडपडणारा हा गुरू, पण मराठीत 'झारीतले शुक्राचार्य' ही शिवीच झाली. डोळाही गेला आणि नावही गेले. इकडे मदरशात मौलवीसाहेबांनी दज्जालचे वर्णन ऐकवले होते. कयामतीच्या आधी येणारा तो महाठक एका डोळ्याने काणा. हदीसमध्ये ती त्या एकाची ओळखखूण आहे. आम्ही पोरांनी ती सगळ्या काण्यांना लावून टाकली. काकूंचे घर आणि आमचे घर, दोन्हीकडून आम्ही एकच चुकीचा धडा शिकलो.

उरलेले काम सिनेमाने केले आणि सिनेमा तर आमच्या अंगणातलाच. व्ही. शांताराम यांचे राजकमल कलामंदिर १९४२ पासून परळला उभे होते. त्याच १९४२ साली एका चित्रपटाच्या चित्रणात ललिता पवार यांना मास्टर भगवान यांची थप्पड जोरात बसली. प्रसंगच थप्पड मारण्याचा होता, हेतू कुणाचा वाईट नव्हता. पण चेहऱ्याला पक्षाघात झाला, जवळजवळ तीन वर्षे उपचार चालले आणि डावा डोळा कायमचा बारीक होऊन बसला. ज्या बाईने नायिकेच्या भूमिका केल्या होत्या, तिला त्या डोळ्यामुळे कजाग सासू आणि कारस्थानी बायकांच्या भूमिका मिळू लागल्या. १९८७ च्या दूरदर्शनवरील 'रामायण' मालिकेत त्या मंथरा झाल्या. चाळीतल्या बायका त्यांना पडद्यावर पाहून बोटे मोडत. तो डोळा कपटाचा नसून अपघाताचा आहे, हे फार थोड्यांना ठाऊक होते. १९५९ च्या 'अनाडी'मध्ये त्याच डोळ्याने त्यांनी मायाळू मिसेस डिसा उभी केली आणि त्या भूमिकेसाठी त्यांना फिल्मफेअर पुरस्कार मिळाला. म्हणजे खोट डोळ्यात नव्हतीच. भूमिका वाटणाऱ्यांच्या नजरेत होती.

मास्टर भगवान हे स्वतः एका गिरणी कामगाराचे पुत्र. २००२ साली दादरला वारले. त्या थप्पडेचा प्रसंग आयुष्यभर त्यांच्याही नावाला चिकटून राहिला.

'अरबी भाषेतील सुरस व चमत्कारिक गोष्टी' आम्ही बऱ्याच उशिरा वाचल्या. कृष्णशास्त्री चिपळूणकरांनी एकोणिसाव्या शतकात त्या मराठीत आणायला सुरुवात केली. त्यांत बगदादच्या एका घरी रात्री तीन कलंदर येतात. तिघांचीही दाढी तासलेली, तिघेही एका डोळ्याने काणे. पुढे जीव वाचवायचा तर प्रत्येकाने आपली हकीकत सांगायची, अशी अट पडते. एकाचा डोळा वजिराने सूडापोटी काढलेला असतो, कारण लहानपणी याच्याच हातून चुकून त्या वजिराचा डोळा गेलेला असतो. दुसऱ्याच्या डोळ्यात राजकन्या आणि जिन यांच्या लढाईतली ठिणगी उडालेली असते. तिसऱ्याने मना केलेले दार उघडले, आत एक काळा घोडा होता, त्याच्या शेपटीच्या फटकाऱ्याने डोळा गेला. तिघेही राजपुत्र निघतात. कुणी चांगला नाही, कुणी वाईट नाही. प्रत्येकाच्या डोळ्यामागे एक गोष्ट आहे आणि ऐकणारे ती शेवटपर्यंत ऐकून घेतात.

ते पान वाचताना आम्हांला चाचांची आठवण झाली आणि लाज वाटली. त्यांना त्यांची हकीकत आम्ही कधी विचारलीच नव्हती.

ती पुढे चाचींकडून कळली. चाचा साळखात्यात दोन माग चालवत. मागावर धोटा मिनिटाला दीडशे-दोनशे वेळा इकडून तिकडे धावतो. धोटा लाकडाचा, पण त्याची दोन्ही टोके पोलादी. तो उडून बाहेर येऊ नये म्हणून मागाला लोखंडी आडकाठी असते. त्या मागाची आडकाठी वाकलेली होती. चाचांनी दोनदा सांगितले होते. दुरुस्तीसाठी माग थांबवला तर कापड कमी निघते, म्हणून ते काम उद्यावर गेले. तिसऱ्या दिवशी धोटा उडाला. डॉक्टरांना डोळा काढावा लागला.

१९२३ च्या कामगार नुकसानभरपाई कायद्याला जोडलेल्या तक्त्यात अवयवांचे भाव लिहिलेले होते. दुसरा डोळा शाबूत असताना एक डोळा गेला, तर कमाईची ताकद ४० टक्के घटली असे धरावे. बुबुळ विद्रूप न होता नुसती दृष्टी गेली, तर ३० टक्के. १९४८ च्या राज्य विमा कायद्यातही हेच आकडे आले. चाचा ४० टक्क्यांत बसले. मागावरून त्यांना कापडाच्या घड्या घालण्याच्या खात्यात टाकले आणि पगार उतरला. चाची म्हणाल्या, "चाळीस टक्के कागदावर. हातातली कला तर सगळीच गेली."

एका डोळ्याने दिसते, पण अंतर कळत नाही. दोन डोळ्यांना एकच वस्तू किंचित वेगवेगळी दिसते आणि त्या फरकावरून मेंदू अंतर ताडतो. हे आम्हांला पुढे पुस्तकातून समजले. घरात मात्र रोज दिसत होते. चाचा किटलीचे नाक कपाच्या कडेला टेकवत आणि मगच चहा ओतत. आम्हांला ती त्यांची लकब वाटे.

त्या नाटुकल्यानंतरच्या जानेवारीत, १९७५ साली, वानखेडे स्टेडियमवर पहिला कसोटी सामना झाला. वेस्ट इंडिजविरुद्धच्या त्या सामन्यात भारताचे कर्णधार होते मन्सूर अली खान पतौडी आणि ती त्यांची शेवटची कसोटी ठरली. १९६१ च्या जुलैत इंग्लंडमध्ये मोटार अपघातात त्यांच्या उजव्या डोळ्याची दृष्टी गेली होती. त्याच वर्षीच्या डिसेंबरात ते पहिली कसोटी खेळले आणि १९६२ साली, एकविसाव्या वर्षी, कर्णधार झाले. त्यांना दोन चेंडू दिसत, त्यांतला आतला ते खेळत, असे त्यांनीच सांगून ठेवले आहे. चाचा रेडिओला कान लावून बसले होते. पतौडींच्या फार धावा झाल्या नाहीत. चाचांनी रेडिओ बंद केला आणि किटली उचलली. "दोन चेंडू दिसतात म्हणे," ते हसून म्हणाले, "आम्हांला कपसुद्धा एक धड दिसत नाही." तेव्हाही आम्ही हसलो. विचारले काहीच नाही.

१९८२ च्या संपानंतर चाचा कोकणात गावी गेले ते परतले नाहीत. तिकडेच त्यांचे निधन झाले.

कुरआनची ८० वी सूरह 'अबस' आहे. अब्दुल्लाह इब्न उम्मे मक्तूम हे अंध सहाबी प्रेषितांकडे आले, तेव्हा कुरैशच्या सरदारांशी बोलण्यात गुंतलेल्या प्रेषितांनी त्यांच्याकडे पाठ फिरवली. त्याबद्दल खुद्द प्रेषितांना अल्लाहने जाणीव करून दिली. पुढे प्रेषित त्या सहाबींचा फार आदर करीत. ही सूरह आम्ही मदरशात पाठ केली होती. तिचा अर्थ कळायला चाचा जावे लागले.

मराठीत जाणूनबुजून दुर्लक्ष करण्याला 'काणाडोळा करणे' म्हणतात. हा शब्द वापरताना आता आमची लेखणी अडखळते. वाकलेल्या आडकाठीकडे ज्यांनी दुर्लक्ष केले, त्यांना दोन डोळे होते. घरातल्या माणसाची हकीकत ज्यांनी विचारली नाही, त्या आम्हांलाही दोन डोळे होते. चाचांनी मात्र कधी काणाडोळा केला नाही. त्यांनी मागाचा बिघाड पाहिला होता आणि आमची चुकीच्या डोळ्यावर बांधलेली पट्टीही.