स्प्रिंगमधले दोन आकडे

शेताच्या फाटकावरची एखादी अनोळखी वस्तू हातात पडली, तर तिचं काम शोधण्याआधी तिचं जनावर शोधावं. बकरीसाठी केलेली कडी वेगळी, बैलासाठी केलेली वेगळी. बकरीला फट लागते, आणि तिच्यापाशी वेळ भरपूर असतो. बैल फाटकाला मान घासतो; घासता घासता शिंग आकड्याखाली गेलं की आकडा आपोआप उचलला जातो. पहिल्यांदा उचलला जातो, दुसऱ्यांदा तो उचलतो. म्हणून जाणत्या लोहाराच्या फाटकात आकड्याच्या डोक्यावर एक आडवी खुंटी असते, फिरवल्याशिवाय आकडा न सोडणारी. राहिला माणूस. त्याच्यासाठी कुलूप. फाटकावरची सगळ्यांत बिनडोक वस्तू तीच. किल्ली घरी राहिली की ती मालकालाही ओळखत नाही.

मला ही रीत शिकवली घाटंजीच्या बाजारातल्या एका भंगारवाल्याच्या पोत्यानं. पोत्यावर नटबोल्ट, डवऱ्याची झिजलेली पास, पंपाची पितळी तोटी, आणि त्यांत एक स्प्रिंग. लांबी वीतभर. तिच्या पोटातून जाड तारेचे दोन लांबट आकडे आरपार गेलेले. डावीकडून शिरलेल्या तारेची टोकं उजव्या तोंडाशी बाहेर येऊन स्प्रिंगच्या काठावर वळवलेली. उजवीकडून शिरलेल्या तारेची डाव्या तोंडाशी. बाहेर एका बाजूला गोल कडं, दुसऱ्या बाजूला उघडा आकडा.

“झुल्याचं हाय,” भंगारवाला म्हणाला. खुर्दा घ्यायला थांबलेल्या एका काकाजींना ते पटलं नाही. “वजनकाट्याचं असन. कापूस मोजाचा काटा राहे ना पहिले.” तिसऱ्यानं सायकलच्या कॅरिअरचं नाव घेतलं, पण स्प्रिंगची जाडी पाहून स्वतःच माघार घेतली.

काट्याचं मलाही खरं वाटलं असतं, पण काट्याची स्प्रिंग ओढली की लांबते. ही ओढली तर आखडत होती. दोन्ही टोकं दोन हातांनी ताणली की वेटोळी एकमेकांजवळ येत. कारण उघड होतं: प्रत्येक आकडा आपल्या बाजूची नव्हे, पलीकडची कड धरून ओढत होता. समोरासमोर उभ्या दोन पैलवानांनी एकमेकांच्या पाठीमागे हात नेऊन आवळावं, तसं.

एवढा उपद्व्याप कशाला? साधी ताणाची स्प्रिंग स्वस्त पडते. पण ती मर्यादेबाहेर ओढली की तिचा जीव जातो. पुन्हा मूळ लांबीवर येत नाही, लोंबत राहते. ही मात्र ओढत ओढत एका जागी येऊन थांबते. वेटोळ्याला वेटोळं भिडलं की स्प्रिंग संपली, पुढे नुसतं लोखंड. मग कितीही जोर लावा. सोडलं की पूर्ववत. म्हणजे ही वस्तू करणाऱ्यानं असा कोणीतरी गृहीत धरला होता, जो न पाहता, न थांबता, अंगाचा सगळा भार घेऊन आदळणार. रात्री येणार. काट्याला लटकणारं कापसाचं गाठोडं असं वागत नाही, आणि झुल्यावरचा माणूसही नाही. यवतमाळच्या शिवारात असा पाहुणा ठरलेला आहे: रानडुक्कर.

कड्याच्या बाजूला पिवळ्या प्लास्टिकची एक चपटी कपची अडकून राहिली होती. तिनं उरलेलं सांगितलं. ही स्प्रिंग मुळात एका मुठीच्या आत होती. उन्हानं प्लास्टिक फुटून गेलं आणि आतला सांगाडा बाजारात आला. मूठ होती, कारण धरणाऱ्याचा हात तारेपासून वाचवायचा होता. झटका मशीनच्या कुंपणाला वाट ठेवतात, तिथलं हे हँडल.

इकडच्या शेताला पूर्वी बोराटीचं, बाभळीच्या काट्यांचं किंवा बेशरमाचं कुंपण असे, आणि वाटेवर एक काटेरी फांदी ओढून टाकली की फाटक लागलं. गुरांपुरतं ते पुरे. अट्टल गाईच्या गळ्यात लोढणं बांधत. ती पळू लागली की लाकूड गुडघ्यांवर आपटे. फाटक शेताला न लावता गाईलाच लावायचं, ही युक्ती मला अजूनही सगळ्यांत चलाख वाटते. पण रोह्याच्या, म्हणजे नीलगायीच्या, गळ्यात लोढणं बांधणार कोण? हरभरा, तूर, सोयाबीन, पऱ्हाटीची कोवळी बोंडं, त्याला काहीही चालतं. डुक्कर खातं त्याहून जास्त उकरतं. जागलीला बसून कास्तकार थकले आणि धुऱ्याधुऱ्यावर सौर कुंपणं आली. एक पॅनल, बारा व्होल्टची बॅटरी, आणि सेकंदाला एकदा टक् करणारी पेटी. त्या टक् सरशी तारेत काही हजार व्होल्टचा झटका जातो, पण सेकंदाच्या हजाराव्या भागाइतकाही टिकत नाही. दोन झटक्यांमधला वेळ जनावराला मागे सरायला असतो. हे कुंपण मारत नाही, अपमान करतं.

या कुंपणाचा एक वंश न्यूझीलंडमधल्या हॅमिल्टनजवळच्या एका घोड्यापर्यंत जातो. बिल गॅलघर नावाच्या शेतकऱ्याचा घोडा त्याच्या मोटारीला अंग घासायचा. १९३० च्या दशकात त्यानं असं काही जोडून ठेवलं, की मोटार हलली की घोड्याला झटका बसावा. पुढे त्याची विजेच्या कुंपणांची कंपनी झाली, ती आजही आहे. सुरुवात मात्र एका घोड्याच्या खोडीपासून, असं सांगतात.

उलट, खांबावरून आकडा टाकून थेट २३० व्होल्ट तारेत सोडणाऱ्याला समोर कोण आहे हे विचारायचंच नसतं. डुकरासाठी लावलेल्या त्या तारेवर डुकरामागे आलेला वाघ मरतो, पहाटे पाणी द्यायला निघालेला शेजारी मरतो. विदर्भात दोन्ही घडलेलं आहे. पांढरकवड्याजवळ टिपेश्वरचं अभयारण्य आहे, तिथले वाघ अभयारण्याची हद्द पाळत नाहीत. राळेगाव तालुक्यातल्या बोराटीच्या जंगलात २ नोव्हेंबर २०१८ च्या रात्री माणसं मारल्याचा ठपका असलेली टी-१ वाघीण गोळीनं मारली गेली, त्याआधीचे कित्येक महिने त्या भागात संध्याकाळी शेतात थांबायची कोणाची छाती नव्हती. त्या भीतीला मी नावं ठेवणार नाही. थेट तारेला ठेवीन.

पुन्हा हँडलकडे. बंडी किंवा ट्रॅक्टर जाईल एवढ्या वाटेवर तीन तारा आडव्या असतात, प्रत्येकीच्या टोकाला एक हँडल. ते नेमकं कुठल्या खांबाकडे असावं, यात लावणाऱ्याची अक्कल कळते. वीज ज्या बाजूनं येते त्या खांबाला आकडा अडकवायचा. म्हणजे काढला की हातातली तार मेलेली. खुशाल जमिनीवर टाका, वरून बैल न्या. उलट लावलं तर आकडा काढूनही तार जिवंतच राहते आणि ओल्या गवतात वळवळत पडते. पलीकडच्या कुंपणाला वीज जाते मातीखालून, नळीत घातलेल्या वायरनं.

तारा किती उंचीवर आहेत हेही बघावं. सगळ्यांत खालची डुकराच्या नाकाशी हवी. त्याचे राठ केस आणि जाड कातडी झटका अंगाला लागू देत नाहीत, ओलं नाक देतं. वरची रोह्याच्या छातीशी. खांबावरचे आकडे खालून वर वाचत गेलं की त्या शेतावर कोण कोण येतं याची यादीच मिळते.

पांढरकवड्याच्या रस्त्याला एका फाटकावर मी जमिनीपासून जेमतेम चार बोटांवर एक जादा तार पाहिली. इतक्या खाली तार लावणं म्हणजे रोजची कटकट. गवताचं पातं टेकलं की झटका जमिनीत मुरतो, म्हणून मालक तिच्याखालचं तण दररोज काढत असणार. खालची माती खरंच खरवडून लख्ख केलेली होती. एवढा वैताग कोणी दिला असेल? सोबतचा म्हणाला, “सायाळ.” मी सशावर पैज लावली, कारण आत सोयाबीन नुकतंच दोन पानांवर होतं. मालक काही दिसला नाही.